आमच्या लेकींच्या चेहऱ्यावर कुणाचा रंग?

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही लग्नाला गेलो होतो. वधूपिता चळवळीतला जुना कार्यकर्ता. मंडपात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, भन्तेजी वेळेवर हजर, हुंडा नाही, मुहूर्त नाही. सगळे कसे शिस्तीत. मुलगी एम.एस्सी. झालेली, रंगाने काळीसावळी, नाकीडोळी तरतरीत. ती पांढरी साडी नेसून मंचावर आली आणि पहिल्या रांगेत बसलेली तिची आजी मोठ्याने म्हणाली, "हे कोन व्हय वं? माही नात कोठी हाय?"

लोक हसले. आम्हीही हसलो. जवळ जाऊन पाहिले तेव्हा मात्र हसू मावळले. पार्लरवाल्यांनी त्या मुलीच्या चेहऱ्यावर गोऱ्या कातडीसाठीचे फाउंडेशन थापले होते. चेहरा राखेसारखा, गळा वेगळा, हात वेगळे. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की चेहरा पांढराफटक दिसे. आमच्या मागे बसलेल्या दोन बाया कुजबुजल्या, "कायी हाय ना पोरगी, म्हून एवढं थोपलं." त्रिसरण-पंचशील होईपर्यंत मुलीची मान खालीच होती. जिने विद्यापीठाच्या परीक्षेत कुणापुढे मान खाली घातली नाही, तिने स्वतःच्या लग्नात घातली. हे आमच्या मनातून काही केल्या जाईना.

यावर लिहायचे ठरवले तेव्हा एक मित्र म्हणाला, "वकील साहेब, अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, कापसाला भाव नाही, आणि तुम्ही लिपस्टिकवर लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर महाडला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या आमच्या आयाबहिणींपुढे बाबासाहेब मुद्दाम बोलले. ते कशावर बोलले? लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने असावेत, स्वच्छ कसे राहावे यावर. गळ्यातल्या आणि हातातल्या जड दागिन्यांचे ओझे अस्पृश्यतेची खूण आहे, ती खूण अंगावरून उतरवा, असे त्यांनी सांगितले. ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेत स्त्रियांच्या पेहरावाचा विचार झाला. बाबासाहेबांना तो विषय क्षुल्लक वाटला नाही. माणसाच्या अंगावर जे दिसते त्यातून समाज त्याची पायरी ठरवतो, हे ते जाणत होते. मग आज आमच्या लेकींच्या चेहऱ्यावर काय थापले जाते, हा विषय चळवळीबाहेरचा कसा?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मुलींनी नटू नये असे आमचे म्हणणे नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक माळा, गंध, विलेपन वर्ज्य करतो. पण गृहस्थाच्या रोजच्या पंचशीलात नटण्यावर बंदी नाही. आमचा प्रश्न एवढाच की, नटताना आमची मुलगी स्वतःसारखी दिसावी की दुसऱ्या कुणासारखी?

आम्हाला या विद्येतले काही कळत नव्हते. म्हणून आमच्या ओळखीची एक मुलगी यवतमाळात पार्लर चालवते, तिच्याकडे गेलो. आयटीआयमध्ये शिकलेली, बचत गटाच्या कर्जावर दुकान टाकलेली. "काका, तुम्ही बी आता पार्लरात?" म्हणत तिने खुर्ची पुढे केली आणि तासभर शिकवणी घेतली. आम्हाला जे कळले ते इथे मांडतो, कारण ते प्रत्येक आईबापाने आणि प्रत्येक मुलीने समजून घेण्यासारखे आहे.

कातडीच्या रंगात दोन गोष्टी असतात. एक वरचा रंग. तो मेलॅनिन नावाच्या द्रव्याने ठरतो. निंदणाला, कापूस वेचायला उन्हात गेले की तो गडद होतो, चार महिने सावलीत राहिले की उतरतो. दुसरी असते आतली झाक. तिला या धंद्यात 'अंडरटोन' म्हणतात. ही झाक उन्हाने फारशी बदलत नाही. कुणाच्या कातडीत पिवळसर, सोनेरी झाक असते; तिला 'वॉर्म' म्हणतात. कुणाच्या कातडीत निळसर, गुलाबी किंवा लालसर-जांभळी झाक असते. तिला 'कूल' म्हणतात. दोन्हींच्या मधली ती 'न्यूट्रल'. यात गोऱ्या-काळ्याचा काही संबंध नाही. गोरी बाई वॉर्म असू शकते आणि काळी बाई कूल असू शकते. पिकल्या जांभळावर काळ्यातून जशी निळसर झाक दिसते, तशी कितीतरी आमच्या मुलींच्या कातडीत असते. मंडपातल्या त्या मुलीची झाक तीच होती. तिच्या चेहऱ्यावर लावले होते ते पिवळट आणि चार पायऱ्या फिके. चूक दुहेरी होती आणि तिचा परिणाम म्हणजे ती राख.

आपली झाक ओळखायची कशी? मनगटाच्या आतल्या शिरा उजेडात पाहाव्यात. निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, हिरवट दिसल्या तर वॉर्म, असा साधा ठोकताळा आहे. पण गडद कातडीवर शिरा नीट दिसतच नाहीत, तेव्हा हा ठोकताळा आमच्या अर्ध्या मुलींना निरुपयोगी. त्यांच्यासाठी दुसरा उपाय. दारात, सूर्यप्रकाशात उभे राहून चेहऱ्याजवळ एकदा पांढरेशुभ्र कापड धरावे, एकदा मळकट-पिवळट पांढरे. शुभ्र कापडाने चेहरा उजळ आणि टवटवीत वाटला तर बहुधा झाक कूल. तसेच चांदी आणि सोने धरून पाहावे. कूल झाकेला चांदी खुलते, वॉर्मला सोने. सगळ्यात खरी परीक्षा फाउंडेशनची. दोन-तीन छटा जबड्याच्या कडेला, चेहरा आणि गळा मिळतात तिथे, बोटभर ओढाव्यात आणि थोड्या वेळाने दारात येऊन आरशात पाहावे. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. हातावर लावून पाहू नये, हात चेहऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर मुळीच निवडू नये. काही बाटल्यांवर 'सी', 'डब्ल्यू', 'एन' अशी अक्षरे असतात, ती कूल, वॉर्म आणि न्यूट्रलची खूण. गडद आणि नेमकी छटा गावात मिळत नसेल, तर दोन बाटल्यांतले मिसळून ती जमवता येते. चांगली पार्लरवाली तेच करते.

मग कूल झाकेच्या सावळ्या-काळ्या मुलीला कोणते रंग शोभतात? ओठांसाठी वाईन, जांभळट मरून, पिकल्या तुतीचा रंग, निळसर झाक असलेला लाल, गडद गुलाबी. गालांसाठीही तेच, हलक्या हाताने. डोळ्यांवर राखाडी, गडद निळा, जांभळा, चंदेरी. काजळ काळे तर आहेच. नारिंगी, पीच, पिवळट तपकिरी हे रंग तिच्या चेहऱ्यावर उपरे वाटतात. दूध मिसळल्यासारखे फिके गुलाबी ओठही तिला मलूल करतात. डोळ्यांखालचा काळेपणा झाकायला मात्र नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात चालतो, कारण नारिंगी हा निळसर काळेपणाला मारतो. वरून आपल्या छटेचे फाउंडेशन. आणि फ्लॅशमधला तो पांढरेपणा? काही पावडरी आणि सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते प्रकाश परत फेकते. म्हणून लग्नाआधी आठेक दिवस तीच साडी नेसून, एकदा उजेडात आणि एकदा फ्लॅशचा फोटो काढून तालीम करावी.

हे ऐकताना आम्हाला दोन गोष्टींची गंमत वाटली. आपली लग्नाची साडी पांढरीशुभ्र आणि आपल्या झेंड्याचा रंग निळा. कूल झाकेच्या सावळ्या मुलीला हे दोन्ही रंग मनापासून खुलतात. त्याच साडीवर खोटा गोरेपणा थापला तर तो लपतही नाही; शुभ्र रंग ती फसवणूक उघडी पाडतो. दुसरी गोष्ट चांदीची. कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी जड चांदीचे दागिने टाकायला सांगितले आणि तुम्ही चांदी घाला म्हणता. फरक लक्षात घ्या. तेव्हा तो अस्पृश्यतेचा शिक्का होता, इच्छेचा प्रश्नच नव्हता. आज एखादी मुलगी स्वतःच्या कातडीला शोभते म्हणून बारीक चांदीची साखळी निवडते, ही तिची निवड आहे. शिक्का आणि निवड यांतला फरक म्हणजेच आमची चळवळ.

आता प्रश्न असा की, एवढे साधे शास्त्र असताना पार्लरमध्ये काळ्या मुलीला गोरे का केले जाते? पार्लरवाली मुलगी म्हणाली, "काका, गिऱ्हाईकच मांगते. पोरगी काही बोलत नाही, तिची मावशी म्हणते, दोन शेड उजळ कर. नाही केलं तर पैसे देताना कुरकुर करतेत." शिवाय तालुक्याच्या दुकानात फिक्या छटाच जास्त येतात. मागणी नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून मागणी नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने या देशातल्या मुलींना पंचेचाळीस वर्षे सांगितले की गोरी झालीस तर नोकरी, गोरी झालीस तर नवरा. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, जगभर काळे लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या जुलैत त्या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, मावशीच्या मनातली छटा बदलली का?

अमेरिकेतल्या काळ्यांनी नुसता निषेध करून थांबणे पत्करले नाही. शिकागोच्या जॉन्सन कुटुंबाचे 'एबनी' हे काळ्या समाजाचे मासिक होते. त्यांच्या फॅशन शोमधल्या काळ्या मॉडेलना बाजारात आपल्या रंगाचे फाउंडेशन मिळत नसे, म्हणून त्या स्वतःच छटा मिसळून लावत. ते पाहून युनिस जॉन्सन यांनी १९७३ मध्ये 'फॅशन फेअर' नावाने काळ्या स्त्रियांसाठी प्रसाधने काढली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली होती. पँथरचे नाव आपण घेतले, त्यांचा लढाऊपणा घेतला. 'काळे ते सुंदर' हे मात्र आपल्या घरात घ्यायचे राहून गेले.

मुळात रंगाचा हा तोरा आला कुठून? मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. ब्राह्मणच तेवढे गोऱ्या वर्णाचे, बाकीचे काळे, हा दावा घेऊन अस्सलायन नावाचा तरुण ब्राह्मण तथागतांपुढे येतो. तथागत त्याला साधे प्रश्न विचारतात. स्नानाची पूड घेऊन नदीवर जाऊन अंगाचा मळ धुणे एकट्या ब्राह्मणालाच जमते की सगळ्यांना? चंदनाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी आणि एरंडाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी, यांच्या ज्वाळेत, रंगात, तेजात फरक असतो का? अस्सलायनाला शेवटी मान खाली घालावी लागते. अडीच हजार वर्षांपूर्वी विहारात ज्या दाव्याने मान खाली घातली, तो आज आमच्या मंडपात मान वर करून बसतो आणि आमची मुलगी मान खाली घालते. हा उलटा न्याय आम्ही कसा चालू देतो?

बाबासाहेबांनी तर हा विषय शास्त्राने निकालात काढला. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एकच. जात म्हणजे वंश नव्हे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मोजमापांचे आकडे घेऊन त्यांनी अस्पृश्यतेचा वंशसिद्धांत खोडून काढला. म्हणजे रंगावरून जात ओळखता येत नाही आणि जातीवरून रंग ठरत नाही. आपल्या समाजात गोरी माणसे आहेत, त्यांच्या समाजात काळी आहेत. तरीही 'दिसायला आपल्यातली वाटत नाही' हे वाक्य आपलेच लोक कौतुक म्हणून बोलतात. त्या कौतुकात किती मोठा अपमान आहे, याचा विचार कधी केला? आणि काळ्या रंगाचा तिटकारा म्हणजे बऱ्याच अंशी श्रमाचा तिटकारा. आमच्या जिल्ह्यात उन्हात कापूस वेचणारी बाई काळवंडते, सावलीत बसून भाव पाडणारा काळवंडत नाही. मग काळवंडण्याची लाज कुणाला वाटायला हवी?

इथे आम्हाला आरसा स्वतःकडे वळवायचा आहे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांचे फॉर्म पाहा. शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याखाली 'वर्ण' हा रकाना. त्यात लिहिले जाते गोरा, निमगोरा, गव्हाळ. काळा असे कुणी लिहीत नाही, जणू समाजात काळे कुणी नाहीच. आपल्या वृत्तपत्रांतल्या स्थळांच्या जाहिराती पाहा. वर 'बौद्ध', खाली 'गोरी, सुंदर वधू पाहिजे'. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या फॉर्मवर 'वर्ण' हा शब्द! पैसे घेऊन लग्ने जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमने २०२० मध्ये कातडीच्या रंगाची चाळणी काढून टाकली. बाजाराला जे कळले ते बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना कळू नये?

या लाजेची किंमत केवळ मानहानीत मोजली जात नाही. यवतमाळहून फार दूर नसलेल्या अकोल्यातले प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत आले. चेहऱ्याचे क्रीम वापरून एका तरुण विद्यार्थिनीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण घातक आढळले. पारा मेलॅनिन तयार होण्यास अडथळा करतो, म्हणून तो गोरे करण्याच्या क्रीममध्ये घालतात. आणि तोच कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडे बिघडवतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे डोळ्यांखेरीज इतर प्रसाधनांत नकळत राहिलेला पाराही दशलक्षात एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. स्टेरॉइडची मलमे लावून गोरे होण्याचा प्रकारही आमच्याकडे सर्रास चालतो. त्यांनी कातडी पातळ होते, पुरळ उठते, मलम सोडले की चेहरा लालबुंद होतो. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. डब्यातले रसायन कातडीतून शरीरात जाते, हे आम्हाला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

म्हणून वकील या नात्याने सांगतो. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत नाही, ती घरात आणू नका. बिल मागा आणि जपून ठेवा. त्रास झाला तर डबी फेकू नका, तोच पुरावा असतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे करता येते.

मात्र कायद्याच्या मर्यादाही ओळखा. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या प्रकरणात, सत्तावीस वर्षांपूर्वी शिक्षा झालेल्या पतीला निर्दोष सोडले. बायकोला काळ्या रंगावरून टोमणे मारल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि त्या बायकोने जीव दिला होता. हे टोमणे म्हणजे घरगुती भांडण, कलम ४९८-अ खालची क्रूरता ठरण्याइतके ते गंभीर नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ क्रमांकाने आले आहे. प्रत्येक खटला त्याच्या पुराव्यावर ठरतो हे खरे. पण रंगावरून रोज होणारा छळ कोर्टात सिद्ध करणे किती अवघड आहे, हे या निकालाने दिसले. जिथे कोर्ट पोहोचत नाही तिथे समाजाने पोहोचावे लागते. त्यालाच प्रबोधन म्हणतात.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. पुढच्या मेळाव्याचे फॉर्म छापताना 'वर्ण' हा रकाना काढून टाका. स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द लिहू नका, आणि लिहिला तर आपल्या वृत्तपत्रांनी तो छापू नये. पार्लर चालवणाऱ्या आपल्या मुलींनी एखादी गडद छटा दुकानात ठेवावी आणि 'दोन शेड उजळ कर' म्हणणाऱ्या मावशीला सांगावे, "मावशी, हिचाच रंग हिला शोभते."

त्या लग्नातली मुलगी परवा भेटली. सासरी एका शाळेत शिकवते. गडद वाईन रंगाची लिपस्टिक लावली होती, गळ्यात चांदीची बारीक साखळी. चेहऱ्यावर दुसरे काही नव्हते. आम्ही विचारले, लग्नाचा अल्बम कसा झाला? ती म्हणाली, "काका, तो अल्बम मी कुणाला दाखवत नाही. त्यात मी नाहीच."

पुढच्या लग्नसराईत आपल्या एकाही लेकीवर हे म्हणायची पाळी येऊ नये.

जयभीम.